हातचा एक

सव्वासातला मी शाळेचं मागचं दार उघडते.
ग्रिम्सबीत हिवाळ्यातलं सव्वासात म्हणजे रात्रच.
गोदीकडून वारा येतो, मासळीचा न् डिझेलचा वास घेऊन,
आणि वाऱ्यामागून मातास येतो,
डोळे अजून उशीवरच ठेवून आलेला.

त्याची आई, युर्गिता, फाटकातूनच वळते.
साडेसातला कारखान्यातला पट्टा सुरू होतो,
त्यावर हॅडॉक, बर्फासारखा.
पट्टा कुणासाठी थांबत नाही
आणि शाळा भरते आठ पन्नासला.
मधल्या वेळाला वेळापत्रकात नाव नाही.
त्या वेळात मी टोस्ट भाजते.

मी शीला ब्रॉकल्सबी. एकवीस वर्षं इथलंच जेवणघर पुसलं,
आता मुलं सांभाळते. पगारात फरक ताशी चाळीस पेन्सचा.
सकाळी एकतीस मुलं, संध्याकाळी सव्वीस,
बुद्धिबळाचा एक पट, हरवलेल्या प्याद्यांच्या जागी कोटाची बटणं,
आणि ओटिली, जी टेबलाखाली बसूनच वाचते.
तिला तिथून काढायचं नसतं
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

कौन्सिलचा फॉर्म आला. त्यात एकच चौकोन:
लाभार्थींची संख्या.
एकतीस लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले.
युर्गिता कुठे लिहायची?
रात्रपाळी सोडून दिवसपाळी धरलेला डॅरल कुठे?
लेन आजोबा, ट्रॉलरवर चाळीस वर्षं काढलेले,
ज्यांचे गुडघे आता दुपारी तीनला
घराच्या पायरीलाच नाही म्हणतात, ते?
समासात लिहिलं सगळं.
समास स्कॅन होत नाही, असं नंतर कळवलं.

टाऊन हॉलात मला तीन मिनिटं मिळाली.
एक गृहस्थ, तसे सभ्य, चष्मा पुसत म्हणाले,
आमच्या वेळी मुलं सरळ घरी जायची.
दार कोण उघडायचं,
आणि त्या दार उघडण्याचा पगार कुणी दिला,
हे मला सुचलं परतीच्या बसमध्ये.

मग पत्र:
सकाळचे पैसे मंजूर. संध्याकाळचे विचाराधीन.
म्हणजे मूल सकाळी सगळ्यांचं,
सव्वातीननंतर ज्याचं त्याचं.

मातास गणित करतोय. अठ्ठेचाळीस अधिक सदतीस.
आठ न् सात पंधरा. पाच खाली.
आणि हा एक?
तो हातचा, मी म्हणते, धरून ठेव.
विसरलास तर उत्तर दिसायला नीटच दिसतं,
फक्त दहाने कमी येतं.
तो निळ्या पेनाने एक लिहितो, खरोखर, हातावर.
मला वाटतं, तिकडेही असंच झालं असणार:
कारखान्याचे तास मांडले, शाळेचे मांडले,
रेघ मारली, बेरीज केली,
हातचा तेवढा राहिला.

युर्गिता पोचते सहा वाजून चार मिनिटांनी.
उशिराचा दंड मिनिटाला एक पौंड.
ती चार नाणी मोजते, बोटं पांढरी पडलेली,
मनगटाला एक खवला चिकटलेला.
मी रजिस्टरमध्ये पाच एकोणसाठ लिहिते
आणि नाणी तिच्याकडे सरकवते.
आठवड्यातून दोनदा माझं घड्याळ असं मागे पडतं.
मला ते आवडत नाही.
मी आजारी पडले की घड्याळ बरोबर चालू लागेल.

ती मातासचा हात धरते.
हळू, तो सांगतो, एक पुसला जाईल.

मी दिवे घालवायला उठते.
टेबलाखालून आवाज येतो: अजून दोनच पानं.
रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढची जागा कोरी आहे.
मी एक दिवा राहू देते.